बाराव्या पत्रकाच्या शोधात

धरणगावहून मी जळगावच्या महाविद्यालयात आले, तेव्हा डॉ. विमल सोनवणे यांनी माझी टक्केवारी विचारली नाही. हातात तापमापक देऊन म्हणाल्या, आधी हा खरं बोलतो का ते बघ. त्या मूळच्या धुळ्याच्या. आम्हा विद्यार्थ्यांच्या अक्का. त्यांना पंचाहत्तरावं लागलं, म्हणून चार गोड शब्द लिहायला बसले आहे, पण जीव थाऱ्यावर नाही.

बाळांच्या दुधाच्या पावडरीतले घातक जंतू किती उष्णतेला तग धरतात, हा विषय अक्कांनी मला दिला. माझ्या काचनळीत ते साठ अंशांना मेले. झालं! मी मुळातच उतावळी. अक्कांना न दाखवताच ‘साठ अंशांच्या पाण्यात पावडर कालवा’ अशी बारा पत्रकं छापली आणि दवाखान्यांत वाटूनही आले.

हे कळल्यावर अक्का रागावल्या नाहीत, तेच जिव्हारी लागलं. मला घेऊन त्या एका बाळंतिणींच्या वॉर्डात गेल्या. तिथल्या सिस्टरांनी पत्रकाबरहुकूम पाणी मोजलं, स्टीलच्या गार वाटीत ओतलं, पावडर टाकली. अक्कांनी वाटीत तापमापक बुडवला. पारा भराभर उतरला. शिवाय कोरड्या पावडरीतले जंतू माझ्या नळीतल्या ओल्या जंतूंपेक्षा चिवट. तरी मी आपली हुज्जत घालतेच आहे! तेव्हा त्या हळूच अहिराणीत म्हणाल्या, “नळीमा मरनात, पोरी. वाटीमा मरनात का?” नळीत मेले, पण वाटीत मेले का?

पुढचे चार दिवस आम्ही एसटीनं पत्रकं गोळा करत हिंडलो. अक्कांचे गुडघे तेव्हाही दुखत. प्रत्येक ठिकाणी त्या हात जोडून सांगत की चूक माझी आहे, विद्यार्थिनीची नाही. कालवताना पाणी सत्तर अंशांच्या खाली नको, मग निववून पाजा, असंही बजावत. मी बाहेर बाकावर रडत बसे. अकरा पत्रकं मिळाली. चाळीसगावचं बारावं कुणीतरी आपल्या बाळंतीण सुनेसाठी घरी नेलं होतं. कोणी, ते तिथं कुणालाच सांगता येईना.

त्या बाळाचं काय झालं, आजवर कळलेलं नाही. कुणाकडे दुधाची बाटली दिसली की मी पाणी किती गरम घेतलं ते विचारते. लोक मला चक्रम म्हणतात, म्हणोत बापडे. गेल्या महिन्यात अक्का चाळीसगावला लग्नाला गेल्या होत्या. तिथं त्या पंगतीतल्या बायकांजवळ त्या पत्रकाची चौकशी करत होत्या, असं त्यांच्या मुलीनं मला सांगितलं.

अक्का, तुम्हाला निरोगी, उदंड आयुष्य लाभो. गुडघ्यांना जपा. ते घर कधी सापडलंच, तर त्या दारात मला एकटीला उभं करू नका.