उरलेलं अर्धं तेल

टाचणीने टोचलं की व्हिटॅमिन ईच्या कॅप्सूलमधून तेलाचा जाड थेंब सावकाश वर येतो. एवढ्याशा हिरव्या गोळीत दोघींना पुरेल इतकं तेल असतं, हे मला माझ्या रूममेटमुळे, ऋचामुळे कळलं. रविवारी दुपारी ती बोटाने माझ्या पापण्यांना तेल लावायची. "डोळे मीट गं, बाहुलीसारखी बघत काय बसलीस!" उरलेलं मग स्वतःला. गेल्या महिन्यात ती लग्न होऊन नाशिकला गेली. आता उरलेलं तेल मी कोपरांना चोळते. कोपरं छान मऊ झाली आहेत, पण कोपरांकडे कोण बघतं?

आज तेल लावताना पापणीचा एक केस गळून गालावर पडला. खरं तर तो दुसऱ्या कुणीतरी दाखवायचा असतो. ऋचा म्हणायची, "थांब, हलू नकोस," आणि केस अलगद उचलून माझ्या मुठीवर ठेवायची. "माग काहीतरी. मला सांगू नकोस हं, नाहीतर खरं होत नाही." न सांगणं मला सोपंच जायचं. तिने इथेच राहावं, एवढंच मी दर वेळी मागायचे.

आज आरशात बघून तो केस मीच उचलला, मुठीवर ठेवला आणि फुंकर मारली. तेलामुळे तो चिकटून बसला होता. पुन्हा फुंकर मारली, तरी उडेना. काय मागायचं ते मला अजून सुचलंच नव्हतं.