मेंढ्यांविना कापूस

हे मी आजवर कुणाजवळ बोललो नाही. शुभाजवळही नाही, आणि माझ्या बायकोपासून काही लपवणं सोपं नसतं. गोष्ट एका कुत्र्याची आहे — एवढं ऐकूनच तुम्ही हसाल. हसा.

एका इटालियन बाईने मला फसवलं, असं मी वर्षानुवर्षं सांगत आलो. मंडळाच्या गणपतीत जेवणं झाली की कुणीतरी म्हणायचंच, "अरे, ती कुत्र्याची गंमत सांग ना." मग मी सांगायचो. रोझाबाईने राखणीचा म्हणून बिनकामाचा कुत्रा माझ्या गळ्यात कसा मारला, आणि मी तो पूर्ण पैसे घेऊन परत कसा केला. लोक खूश. मीही. सगळं खरंच होतं — एक वाक्य सोडून.

दोन हजार चारच्या आसपासची गोष्ट. लंडनमध्ये हाउन्सलोला माझं पॅकिंगच्या सामानाचं वेअरहाउस होतं. विमानतळावर कार्गो उचलून उचलून उभं केलेलं, कुणाच्या बापाचा त्यात पैसा नव्हता. यार्डातून माल चोरीला जायला लागला, तेव्हा कुणीतरी मरेम्मा जातीचं नाव सांगितलं. पांढरे, अस्वलाएवढे, इटलीच्या डोंगरात मेंढ्या राखणारे कुत्रे. बेडफर्डजवळ रोझाबाई ते वाढवायची. मी पिल्लाचा भाव पाडत होतो आणि ती मध्येमध्ये जातीबद्दल सांगत होती. हे कुत्रे मेंढ्या हाकत नाहीत, मेंढ्यांतच राहतात. पांढरे का? तर तिन्हीसांजेला धनगराला लांडगा कुठला आणि कुत्रा कुठला ते ओळखू यावं. आता तिकडे कळप कमी झाले, मग लोक त्यांना बंगल्याच्या फाटकाशी ठेवतात, कोंबड्यांवर ठेवतात. "पण लक्षात ठेव," ती म्हणाली, "पिल्लू लहानपणी ज्यांच्यात झोपेल, जन्मभर त्यांनाच राखेल. पहिल्या दिवसापासून यार्डात ठेव."

मी ऐकलं कुठे? मी भावात गुंतलो होतो.

थंडीचे दिवस, म्हणून पिल्लू घरी आणलं. माझी मुलगी मनाली तेव्हा सात वर्षांची. कापूस हे नाव तिचंच. तो तिच्या पलंगाशेजारी झोपायचा. ती बागेत खेळायला लागली की कडेला जाऊन बसायचा — पाठ तिच्याकडे, तोंड कुंपणाकडे. "बाबा, तो मला शीप समजतो!" मनाली ओरडायची. ती पाठ मला अजून दिसते. रुंद, मळकी पांढरी, ऊन पडलं की मानेवर पिवळसर. कधीकधी पार्कात एखादा मोठा पांढरा कुत्रा दिसतो आणि मी उगाच थांबतो. त्या मानेत तुम्ही एकदा बोटं खुपसायला हवी होती — काय सांगू तुम्हाला.

मोठा झाल्यावर त्याला यार्डात नेला. तर कुणीही यावं, काहीही न्यावं, हा आपला घराच्या दिशेला तोंड करून फाटकाशी. जाळीखालून खणून चालत घरी यायचा. ड्रायव्हर मला चिडवायचे, "बॉस, तुमच्या सिक्युरिटीची शिफ्ट संपली वाटतं!" माझं डोकं फिरायचं.

आता कळतं. तो कामचुकार नव्हता. कामावरच निघालेला असायचा तो. त्याचा कळप घरी होता ना?

शेवटी त्याला गाडीत घालून बेडफर्डला नेलं. रोझाबाई म्हणाली, घेते, पण अर्धेच पैसे देईन, चूक तुझी आहे. माझी? मी पेटलो. आणि धंद्यात करतो तेच केलं — माल परत करायचा तर खोट फुगवून सांगायची. खरचटलेल्या खोक्याला फुटलेला म्हणायचं. मी म्हटलं, "तो माझ्या मुलीच्या हाताला चावला."

बाई आत जाऊन सगळे पैसे घेऊन आली. कापूस गाडीच्या मागच्या दाराशी उभा होता, दार उघडेल म्हणून.

इथे थांबलो तर हे एक धंद्यातलं खोटं ठरेल. पण हे एवढंच नाही.

त्या आठवड्यातच शनिवारी सकाळी तिचा घरी फोन आला. तिच्याकडे शाळेची मुलं कोकरं बघायला यायची. चावणारा कुत्रा तिला ठेवता येत नव्हता, दुसऱ्या कुणाला देता येत नव्हता. सोमवारी व्हेट येणार होता — इंजेक्शन देऊन संपवायला. "पण हा कोकरांना आपले कान चघळू देतो," ती म्हणाली. "मला पटत नाही. नीट आठव. खेळताना नख लागलं असेल का?"

तिने मला वाट करून दिली होती. एक 'हो' पुरला असता. पैसे जातील अशी भीती होती का? नाही. मी हरलो असतो, एवढंच.

मनाली समोर टोस्ट खात होती. दोन्ही हात जॅमने माखलेले. कुठे ओरखडासुद्धा नाही.

"दातच होते," मी म्हटलं. "मी खोटं कशाला बोलू?"

पोरीचा हात बरा आहे ना, एवढंच तिने विचारलं. बरा आहे, म्हटलं.

फोन ठेवला तशी मनाली म्हणाली, "कापूसबद्दल होता?" हो, म्हटलं. तो मेंढ्यांत राहतो आता, मजेत आहे.

सोमवारी मी नेहमीच्या वेळी यार्ड उघडलं. दिवसभर कुणाशी घासाघीस केली नाही, असंही नाही. केली.