मेंढरं बसवायची बोलणी

"आधी मेंढरागत वरड. मग पानी."

राहू गावच्या एका बागायतदारानं हे माझ्या बापाला सांगितलं. बाजेवर लोळून. शेजारी पाहुणे, हातात चहा. आम्ही शिरूरच्या कोरड्या अंगानं मेंढरं हाकत आलेलो, दिवसभर पाण्याचा थेंब नाही. त्याची विहीर तुडुंब. बाप उन्हात उभा, पागोटं काखेत. मेंढरं रानात बसवायची, लेंडीखत शेतकऱ्याला, बदल्यात आम्हाला धान्य-पाणी, ही जुनी रीत. पण त्या साली त्याच्या ओसरीत युरियाची पोती रचलेली. त्याला आमच्या खताची गरज उरली नव्हती, म्हणून गंमत हवी होती.

बाप ओरडला. पाहुणे हसले. मेंढरं प्यायली. मी लहान होते, पण मला लाज वाटली ती बापाची. हसणाऱ्यांची नाही. इतकं पक्कं शिकवलेलं होतं आम्हाला.

पुढं आम्ही शिरूरला थोडं रान घेतलं. बोअरला पाणी लागलं. तिकडं राहूला युरिया आणि पाटाचं पाणी ओतून ओतून त्या बागायतदाराचं उसाचं रान पांढरं पडलं, वर मिठासारखा थर. आता सगळ्यांना लेंडीखत हवंय आणि कळप उरलेत थोडे. परवा तो स्वतः गाडी घेऊन दारात आला.

"ताई, तुमची मेंढरं आमच्या रानात बसवा की. तुम्ही म्हनाल तसं."

ताई. तुम्ही. माणूस तोच, मस्ती तीच, फक्त रान नासलंय. उद्या सुधारलं की परत 'ए' म्हणेल. असल्या आदराची मला किळस येते.

म्हातारा बाप मात्र हरखला. लगबगीनं खुर्ची पुसायला लागला.

"पोरी, दारी आल्यात. जाऊ आपुन."

मी म्हणाले, "आप्पा, मेंढरं येनार न्हाईत."

"जुनं काय मनात ठिवू नका," बागायतदार हसून म्हणाला.

म्हणजे आठवत होतं त्याला. सगळं आठवत होतं आणि तरी हसत होता. मी फाटक उघडून उभी राहिले, तो जाईपर्यंत.

बाप तेव्हापासून माझ्याशी बोलत नाही. न बोलू दे. त्याला अजून वाटतं, मोठा माणूस दारी आला हाच मान. मला मोठा माणूस नकोय. यंदा मेंढरं आमच्याच रानात बसतील. आणि कळप तहानलेला असताना मी कुणाच्या दारात बोलणी करणार नाही. पाणी आधी आपलं. बोलणी नंतर.