अळणी पाव

घरी केक करताना चिमूटभर मीठ घातलं नाही तर खरंच काही बिघडतं का, हा प्रश्न मला अजूनही विचारला जातो. मी अन्नतंत्रज्ञान शिकले आणि त्यावरच पोट भरते, तेव्हा ओळखीच्या बायकांनी असलं काही मला विचारणं स्वाभाविक आहे. केकमध्ये फारसं बिघडत नाही, असं मी सांगते. गोडवा थोडा सपाट लागतो, इतकंच. नानकटाईतही चालून जातं. पावाचं मात्र तसं नाही. पावात मीठ केवळ चवीसाठी नसतं. ते यीस्टला आवरून धरतं आणि मैद्याच्या चिवटपणाला बळ देतं. मीठ नसलेलं पीठ घाईने फुगतं आणि तितक्याच घाईने बसतं. एवढं सांगून मी विषय बदलते, कारण यापुढचं मला जे ठाऊक आहे ते मी पुस्तकातून शिकलेले नाही.

२०१६ च्या पावसाळ्यानंतर बाबांच्या पायांवर सूज दिसू लागली. तलासरी तालुक्यात झरीच्या शाळेत शिकवून ते निवृत्त झाले होते, आणि आम्ही डहाणू रोडजवळ सरावलीला राहत होतो. तपासण्या झाल्या. हृदय पुरेशा जोराने रक्त पुढे ढकलत नव्हतं. डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या आणि दोन सूचना केल्या: मीठ जवळजवळ बंद करा, आणि त्यांचं खाणं कमी होऊ देऊ नका. दोन्ही सूचना शास्त्राला धरून होत्या. त्या एकाच ताटात कशा वाढायच्या, हे आमच्यावर सोडलेलं होतं.

आई रानशेतच्या शेतकरी घरातली. पान वाढायला घेतलं की पहिल्यांदा मीठ, मग बाकीचं, हे तिच्या हाताला लहानपणापासून माहीत. तिने आठवडाभर बाबांपुरतं वेगळं रांधून पाहिलं आणि मग मिठाची वाटी उचलून फळीवर ठेवून दिली. "एकाने अळणी गिळायचं आणि दोघांनी चवीने जेवायचं, हे मला जमणार नाही," ती म्हणाली. घर अळणी झालं. आम्ही दोघी निभावून नेत होतो. बाबा नेत नव्हते. आमटीची वाटी ते न बोलता बाजूला सरकवत. भाकरीचा पापुद्रा तेवढा खात. पाय सुजत होते आणि खांद्यांवर सदरा सैल होत होता. माणूस एकाच वेळी फुगताना आणि झिजताना बघणं फार विचित्र असतं.

त्यांना हवा होता तो पाव. झरीला जाणारी सकाळची एसटी गाठायची म्हणून अनेक वर्षं त्यांनी चहात पाव बुडवून न्याहारी उरकली होती. बेकरीच्या पावात मीठ असतं, म्हणून तो बंद झाला होता. मला वाटलं, प्रश्न निदान नेमका तरी झाला: मिठाशिवाय असा पाव करायचा, जो ते खातील.

आमच्याकडे दिवाळीच्या आधी नानकटाईचं पीठ घरी मळून बेकरीच्या भट्टीवर भाजून आणायची पद्धत आहे. सकाळचे पाव निघाले की भट्टी निवत जाते, पण तिच्यात बराच वेळ धग राहते. त्या धगीत घरोघरचे ट्रे आत जातात. घरात ओव्हन नव्हता. आईच म्हणाली, "नानकटाई भाजून मिळते, तर पाव का नाही मिळणार?" बेकरीवाले काका गुजराती, बाबांना 'मास्तर' म्हणणारे, दोन पिढ्यांपासून डहाणूत. ते लगेच हो म्हणाले.

पहिल्या रविवारी मी पीठ मळून डब्यात घालून नेलं. आमची पाळी येईपर्यंत पिठाने डब्याचं झाकण वर उचललं होतं, आणि ट्रेवर काढेपर्यंत ते खाली बसलं. जे भाजून निघालं ते फिकट, चपटं आणि सुरकुतलेलं होतं. बाबांनी ते उलटसुलट करून पाहिलं.

"याच्यावर बसायचं की हा खायचा?"

"मीठ नसलं की यीस्ट सुसाट सुटतं, बाबा. पुढच्या वेळी कमी घालीन."

"घाल. तोवर मी उभाच राहतो."

मी यीस्ट निम्मं केलं, पाणी थंड घेतलं. पाव फुगला, टिकला, दिसायला पाव झाला. चव मात्र ओल्या पुठ्ठ्याची. बाबांनी दोन घास खाल्ले आणि उरलेला कावळ्याला घातला. आठवडाभर मी वापीच्या कारखान्यातल्या प्रयोगशाळेत असे, म्हणून मोजमाप आईला शिकवलं. ती रोज पीठ मळून भट्टीवर नेऊ लागली.

आणि मग बाबा खाऊ लागले. आईने मला कामावर फोन केला, जे ती कधी करत नसे. "दोन खाल्ले, आणि अजून आहे का विचारलं." काही दिवस हेच चाललं. बाबांचा आवाज खुलला. मी ते श्रेय थंड पाण्याला आणि सावकाश फुगणाऱ्या पिठाला दिलं. सावकाश फुगलेल्या पिठाला चव येते, हे खरंच आहे.

पण सूजही वाढली. वजन वाढलं, ते मांसाचं नव्हतं. डॉक्टरांनी विचारलं, खाण्यात काय बदललं? आम्ही दोघी प्रामाणिकपणे म्हणालो, काहीच नाही.

त्या रविवारी डबा घेऊन मीच भट्टीवर गेले. काकांनी सवयीने पिठाचा कण तोडून जिभेवर ठेवला, मान हलवली, आणि पिठात बोटाने खड्डा करून एका पेल्यातलं पाणी त्यात ओतू लागले.

"काका, हे काय घालता?"

"मिठाचं पानी. भाभी रोज मीठ भूलून जाते. मास्तरचा टेन्शन आहे ने तिला. मी बोलत नाय, कशाला तिला वाईट लावायचा? आपला टाकून देतो."

"काका, बाबांना मीठ बंद आहे. आम्ही मुद्दाम घालत नाही."

त्यांचा हात पिठावर तसाच राहिला. "मुद्दाम?" ते म्हणाले. "पन मीठ नाय तर तो पाव कशाचा?" मग त्यांच्या लक्षात आलं. त्यांनी हात लुंगीला पुसला, पुन्हा पुसला. "मास्तरला काय झाला माझ्यामुळे?"

मी त्यांना हिशेबाने समजावलं. पावातलं मीठ किती, दिवसभराचं किती चालतं, आणि हा आजार आपल्याआपणही पुढे सरकतो, म्हणून सूज नेमकी कशाने वाढली ते कुणीच सांगू शकणार नाही. यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं.

"तू भणेली-शिकलेली," ते म्हणाले. "मला बरा वाटावा म्हणून बोलते."

घरी सांगितल्यावर आई भिंतीला टेकून बसली. बाबा हसले. "म्हणजे इतके दिवस तो भट्टीवाला मला जगवत होता, आणि तुम्ही दोघी माझ्या मुळावर उठला होतात."

"जीभ आवरा जरा," आई म्हणाली.

"आवरलेलीच आहे. तिला काही मिळतंय कुठे?"

दुसऱ्या दिवसापासून ते पुन्हा पाव सोडू लागले, आणि मी विजेवरचा लहान ओव्हन घेतला. पुढचे कित्येक महिने आमच्या स्वयंपाकघरात मिठाची जागा कशाने भरून निघेल याचा शोध चालला. आंबट दह्यात भिजवलेलं पीठ, ओवा, खरपूस परतलेला कांदा, लिंबाची किसलेली साल. वीज गेली की अर्धा भाजलेला पाव तव्यावर झाकून. बाबा परीक्षक. "तुमच्या प्रयोगशाळेत उंदीर संपले का गं?" असं विचारून ते तुकडा तोंडात टाकत. त्याच वर्षी मला पीएचडीसाठी बंगळूरला जागा मिळाली होती, ती मी पुढे ढकलली. त्यावर ते रागावतील अशी माझी अपेक्षा होती. मी उत्तरंही तयार ठेवली होती. ते फक्त म्हणाले, "ठीक आहे." ज्या माणसाने माझ्या दहावीच्या गणिताच्या एका गुणासाठी पेपर फेरतपासायला लावला होता, त्याने एवढ्यावर सोडावं, याचा मी त्या दिवशी सर्वांत जास्त धसका घेतला.

मिठाला पर्याय सापडला नाही. बदल जिभेत झाला. मीठ कमी केलं की काही महिन्यांनी जिभेची पातळीच खाली येते, आणि पूर्वी बेचव वाटलेलं चवदार लागू लागतं. हे मी शिकले होते, पण कुणाच्या तोंडावर उमटताना पाहिलं नव्हतं. एका सकाळी बाबांनी साधा पाव, ना कांदा ना ओवा, चहात बुडवून खाल्ला आणि म्हणाले, "आज गोड लागतोय. साखर घातलीस?" मी घातली नव्हती. "गव्हाला चव असते तर," ते म्हणाले आणि दुसरा तुकडा तोडला. तो हिवाळा चांगला गेला. ते चिकूच्या वाडीपर्यंत चालून येत, पोळीही खात, आमटीही संपवत.

२०१८ मध्ये त्यांना दोनदा दवाखान्यात ठेवावं लागलं. दुसऱ्या वेळी घरी सोडताना डॉक्टर कागद बाजूला ठेवून म्हणाले, "आता पथ्याचं फार मनावर घेऊ नका. त्यांना आवडेल ते द्या."

आईचा चेहरा उजळला. "म्हणजे मीठ चालेल?"

"चालेल."

तिने डॉक्टरांना हात जोडले. रिक्षात बाबांना मध्ये बसवून ती त्यांच्या पलीकडून मला म्हणाली, "बघ, उतार पडतोय. नाहीतर मिठाला हो म्हणाले असते का?" असल्या परवानगीचा अर्थ मला कळत होता. बाबा रस्त्याकडे बघत होते. त्यांना कळलं होतं की नाही, हे मला त्यांच्या चेहऱ्यावरून ओळखता आलं नाही.

दुसऱ्या दिवशी आईने मीठ घालून पीठ मळलं आणि ओव्हनकडे न बघता ते भट्टीवर नेलं. तिच्या लेखी खरा पाव तिथलाच. काकांनी म्हणे तिला दोनदा विचारलं, "डाक्टर बोलला? पक्का?" आणि पाव निघाल्यावर फडक्यात गुंडाळून ते स्वतः घरी घेऊन आले. पाव सोनेरी, उंच, कुठेही सुरकुती नसलेला. आईने बशीत चहा ओतला. बाबांनी तुकडा बुडवला, तोंडात टाकला आणि फार वेळ चघळत राहिले.

"खारट झालाय."

"खारट?" आई म्हणाली. "नेहमीइतकंच घातलंय. पूर्वी घालायचे तेवढंच." तिने स्वतः तुकडा तोडून खाल्ला आणि तिच्याही कपाळावर आठी पडली. काकांनी थोडा चाखला. "बरोबर आहे, भाभी," ते हळूच म्हणाले. "एकदम बरोबर."

आई माझ्याकडे वळली. जीभ कशी बदलते, आणि आम्ही तिघं दोन वर्षांत एकाच पातळीवर कसे आलो होतो, ते मी तिला सांगितलं.

"मग परत सवय होईल ना यांना?" तिने विचारलं. "किती दिवसांत?"

उत्तर मला माहीत होतं. मीठ सुटायला लागले होते तितकेच महिने. मी तोंड उघडलं आणि ते वाक्य बोलता येईना. आई वाट बघत राहिली. ती माझ्याकडे बघत होती, मग बाबांकडे, मग पुन्हा माझ्याकडे. आणि डॉक्टर काल काय म्हणाले होते ते माझ्या गप्प राहण्यातून तिला आता कळलं. काकांनी मान खाली घातली.

बाबांनी बशी सरकवली, पण पूर्वीसारखी चिडून नाही. "मला आपला घरचाच दे," ते आईला म्हणाले. "तो बरा लागतो."

काका उरलेले पाव घेऊन गेले. आईने परात पुढे ओढली. मी यीस्ट मोजून दिलं, थंड पाणी दिलं, आणि ती मळत राहिली, पीठ मऊ झाल्यावरही. मग आम्ही वर ओलं फडकं टाकलं आणि दोघी त्याच्यासमोर बसून राहिलो.