येर

आमच्या देवरीच्या शाळेतले इंग्रजीचे सर बदली होऊन गेले, त्याला बरीच वर्षं झाली. मुलांना एक इंग्रजी शब्द शिकवला की बदल्यात ते गोंडीतला एक शब्द मागत. त्यांचा उच्चार चुकला की वर्ग खो-खो हसे.

"हासून काऊन राहिले रे? अजून एकदा सांगा ना!"

एकदा तपासणीला आलेल्या साहेबांनी पाण्याचा ग्लास उचलून एका मुलीला इंग्रजीत विचारलं, हे काय आहे?

"येर," ती पटकन गोंडीत म्हणाली.

साहेबांनी कपाळाला आठ्या घातल्या. मी गणिताचा मास्तर, शरमेनं खाली पाहिलं.

सर हसले. "साहेब, तुमचा प्रश्न तिले समजला. तिचं उत्तर आपल्याले समजून नाही राहिलं."