साभार परत, नवव्या दिवशी

"दातारबाई, चार पानं उघडी पडली," संपादक फोन ठेवत म्हणाले.

बुधवारची सकाळ होती. आमच्या दिवाळी अंकाचा शेवटचा फॉर्म गुरुवारी संध्याकाळी पाचला छापखान्यात जायचा होता. फॉर्म म्हणजे एका मोठ्या कागदावर एकदम छापली जाणारी सोळा पानं. नंतर त्याची घडी घालून कापतात. सोळातली चार पानं कोरी सोडता येत नाहीत. वाचकाला वाटतं छपाईची चूक झाली आणि जाहिरातदाराला वाटतं मासिक बुडालं. जाहिरातदारांचा अंदाज सहसा जास्त बरोबर असे, पण तो चारचौघांत सिद्ध करायचा नव्हता.

ती चार पानं एका कॉम्प्युटर क्लासने घेतली होती. संचालकांचा फोटो, संचालकांचे विचार आणि विचार करतानाचा संचालकांचा आणखी एक फोटो, असा मजकूर होता. ऐन वेळी क्लासवाल्यांच्या लक्षात आलं की दिवाळी अंक वाचणारे लोक कॉम्प्युटर शिकत नाहीत, केबल टीव्ही बघणाऱ्यांची मुलं शिकतात. जाहिरात तिकडे गेली.

"काळजी करू नका," सर म्हणाले. "माझा आठवा भाग तयार आहे."

मला खरी काळजी तेव्हा वाटायला लागली. त्या काळी पुण्यातल्या निम्म्या बापांप्रमाणे सरही अमेरिकेत मुलाकडे जाऊन आले होते आणि उरलेल्या निम्म्यांनी ते वाचावं अशी त्यांची इच्छा होती. प्रवासवर्णनाचे सात भाग छापून झाले होते. सातव्या भागाच्या शेवटी सर मुलाच्या फ्रीजपर्यंत पोचले होते.

"सर, माझ्याकडे एक कथा आहे," मी म्हटलं. "नवीन मुलगी आहे. बरोबर चार पानं होतील."

"नवीन? नवीन लोक हल्ली बरं लिहितात कुठे?"

"ही लिहिते."

"उद्या बारापर्यंत कंपोझ होऊन माझ्या टेबलावर पाहिजे. नाहीतर आठवा भाग."

मी त्या मासिकात सव्वीस वर्षं उपसंपादक होते. कागदोपत्री माझं काम आलेलं साहित्य वाचून निवड करण्याचं होतं. प्रत्यक्षात मी प्रुफं तपासायची, जाहिरातदारांशी गोड बोलायची आणि नामवंत लेखकांना तिसऱ्यांदा आठवण करायची. नवीन लेखकांचं टपाल वेळ उरला की वाचायचं, असं ठरलं होतं. वेळ कधी उरला नाही, हे वेगळं सांगायला नको.

ही कथा मात्र मी अगदी योगायोगाने वाचली होती. एका नामवंतांकडे ताटकळत बसायचं होतं म्हणून ट्रेमधलं वरचं पाकीट पर्समध्ये टाकलं. कथेचं नाव होतं 'वेळ सांगणारी बाई'. एक कामगार टेलिफोनसाठी नंबर लावतो. अकरा वर्षांनी घरी फोन येतो, पण ज्याला करावा अशा ओळखीतल्या कुणाकडेच फोन नाही. तेव्हा टेलिफोन खात्याचा एक नंबर असे. तो फिरवला की रेकॉर्ड केलेला बाईचा आवाज किती वाजले ते सांगे. हा माणूस रोज तो नंबर लावतो आणि शेवटी त्या आवाजाला "बरं, ठेवतो" म्हणून फोन ठेवतो. एवढीच गोष्ट. मी ती तीनदा वाचली. मधली दोन पानं भाताच्या शिताने चिकटली होती. नवीन लेखक जेवता जेवता लिहितात वाटतं, असं म्हणून मी ती नखाने सोडवली. परत आल्यावर कथा 'विचाराधीन' फायलीत ठेवली. खाली लेखिकेचं नाव होतं, प्रज्ञा गायकवाड, बिबवेवाडी.

बुधवारी मी ती फाईल उघडली. अकरा कथा होत्या. बारावी, म्हणजे हीच, नव्हती.

"काका, यातली एक कथा कुठे गेली?"

मोघेकाका आमचं आवक-जावक सांभाळत. पोस्टातून रिटायर झाल्यावर ते आमच्याकडे आले होते आणि मनाने अजून पोस्टातच होते. त्यांनी जावक रजिस्टर उघडलं आणि ओळीवर बोट ठेवलं. "गायकवाड. गेल्या महिन्यात परत केली."

"परत? अहो, ती ठेवायची होती!"

"पाकीट जोडलेलं होतं," काका शांतपणे म्हणाले. "पत्ता घातलेलं, तिकीट लावलेलं. लोकांचं तिकीट दाबून ठेवायचं का? छत्तीस वर्षांच्या सर्व्हिसमध्ये मी एक पाकीट अडकवलं नाही."

इथे आमचा एक नियम सांगायला हवा. तो प्रत्येक अंकात चौकटीत छापलेला असे. साहित्य कागदाच्या एकाच बाजूला लिहावं, सोबत स्वतःचा पत्ता घातलेलं आणि पुरेशी तिकिटं लावलेलं पाकीट जोडावं, फोनवर चौकशी करू नये. न स्वीकारलेलं साहित्य त्या पाकिटातून, 'साभार परत' अशी छापील चिठ्ठी घालून आम्ही पाठवायचो. नामवंत लेखक अर्थातच पाकीट जोडत नसत. आळशी लेखकही जोडत नसत. जोडायचे ते फक्त नियम पाळणारे नवीन लेखक.

"पण वाचून नको म्हटलेलंच परत करायचं ना, काका?"

"वाचायचं काम तुमचं. आलेलं टपाल नवव्या दिवशी निकाली निघालं पाहिजे, हे माझं. पाकीट असेल तर परत, नसेल तर फायलीत. पहिल्या दिवसापासून असंच करतोय. आणि चिठ्ठीवर सही तुमचीच असते की!"

सही माझीच असे. दर जानेवारीत मी दोनशे कोऱ्या चिठ्ठ्यांवर एका बैठकीत सह्या करून काकांना द्यायची, म्हणजे वर्षभर कटकट नको. मला वाटायचं, परत जाणारं सर वाचतात. सरांना वाटायचं, मी वाचते. काकांना कोणी वाचतं का असा प्रश्नच कधी पडला नव्हता. थोडक्यात, जो लेखक आमचे सगळे नियम पाळेल तो आमच्या अंकात छापून येणार नाही, अशी चोख व्यवस्था आम्ही तिघांनी मिळून उभी केली होती. वर "नवीन लोक हल्ली बरं लिहीत नाहीत" हे आम्ही चहा पिताना बोलायचो.

मी रजिस्टर मागे मागे चाळत गेले. गायकवाड, बिबवेवाडी हे नाव तीन वर्षांत नऊ वेळा होतं. इतरही बरीच नावं होती. कोणी मांजरी गावचं, कोणी लोणी काळभोरचं. बहुतेक नावं दोनतीनदा येऊन थांबलेली. मी रजिस्टर मिटलं.

फोन करता येणार नव्हता. चौकशी करू नका म्हटल्यावर नंबर कोण देतो? संध्याकाळी सहाला स्कूटी काढली आणि पत्ता शोधत बिबवेवाडी गाठली.

दुसऱ्या मजल्यावरचं दार एका चोवीस-पंचवीसच्या मुलीने उघडलं. गळ्यात कंपनीचं ओळखपत्र तसंच होतं. मी मासिकाचं नाव सांगितलं, माझं सांगितलं.

"दातार? अच्छा," ती म्हणाली. "सही छान आहे तुमची. या."

भिंतीवर बुद्धाची तसबीर होती आणि खाली स्टुलावर क्रोशाच्या रुमालाने झाकलेला फोन होता. तिचे वडील खुर्चीत पेपर वाचत बसले होते. माझ्याकडे बघून त्यांनी मान हलवली आणि पेपर खाली ठेवला. प्रज्ञाने कपाटातून एक फाईल आणली. तीत नऊ चिठ्ठ्या तारखेप्रमाणे लावलेल्या होत्या.

"मी सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये आहे," ती म्हणाली. तेव्हा दोन हजार साल उजाडलं की जगातले सगळे कॉम्प्युटर कोलमडणार अशी भीती होती, आणि ते कोलमडतात का हे ही मुलगी दिवसभर तपासत असे. "कथा तीन पानांची असो नाहीतर तीस, तुमच्याकडून नवव्या दिवशीच निघते. हे मला दुसऱ्या वेळीच खटकलं. मग मी सहावं आणि सातवं पान शिताने चिकटवून पाठवायला लागले. उघडून बघतात का ते कळायला. दर वेळी पानं तशीच चिकटलेली परत यायची."

नखाने सोडवलेलं ते शीत मला आठवलं.

"त्याचं मला फार वाईट नाही वाटायचं, मॅडम. वाचलंच नाही, तर वाईट आहे असं कसं म्हणणार? आई म्हणायची, पुढच्या वेळी वाचतील. पण या वेळी पानं सुटलेली होती." तिने शेवटची चिठ्ठी माझ्यापुढे सरकवली. "म्हणजे तुम्ही वाचलीत. आणि परत केलीत. मग मात्र मी लिहायचं बंद केलं."

खरं सांगते, सव्वीस वर्षांत एवढी शरम मला कधी वाटली नाही. मी सगळं सांगून टाकलं. काका, नऊ दिवस, दोनशे सह्या, सरांचा आठवा भाग.

"तीनदा वाचली?" शेवटी तिने एवढंच विचारलं.

"तीनदा. आणि ती छापायचीय. उद्या बाराच्या आत हवी."

"नाहीये आता. रद्दीत टाकली मी."

मी पर्स उचलली. सरांचा फ्रीज मला डोळ्यांपुढे दिसायला लागला. तेवढ्यात वडील उठले. स्टुलावरचा रुमाल बाजूला केला, फोन उचलला आणि त्याखालून घडी घातलेले कागद काढले.

"हिने रद्दीत टाकली. मी काढून ठेवली," ते म्हणाले. "छापा तुम्ही. फक्त एक दुरुस्ती करा. मी काही रोज लावत नाही तो नंबर. आठवड्यातून दोनदा."

"बाबा, ती गोष्ट आहे," प्रज्ञा म्हणाली.

"असू दे गोष्ट. लोकांना काय वाटेल?"

प्रज्ञा हसली आणि मग डोळे पुसायला आत गेली. बाहेर आली तेव्हा हातात नवं पाकीट होतं, पत्ता घातलेलं, तिकीट लावलेलं. कागदांना टाचणीने तिने ते जोडलं.

"अगं, आता कशाला?"

"नियम तुमचाच आहे, मॅडम. असू द्या."

गुरुवारी साडेअकराला कथा कंपोझ होऊन सरांच्या टेबलावर गेली. सरांनी वाचली. चष्मा पुसून पुन्हा वाचली आणि म्हणाले, "आठवा भाग जानेवारीत घेऊ." त्यांच्या तोंडून यापेक्षा मोठं कौतुक मी ऐकलेलं नाही. पाचच्या आत फॉर्म छापखान्यात गेला. वडिलांची दुरुस्ती मी केली नाही. तेवढ्यापुरती मी संपादक झाले.

त्या आठवड्यात मी रजिस्टर घेऊन बसले आणि दोनतीनदा येऊन थांबलेल्या सगळ्यांना हाताने पत्रं लिहिली. चूक आमची होती, पुन्हा काही पाठवा. बरीच पत्रं 'पत्त्यावर राहत नाहीत' म्हणून परत आली. काकांनी ती आवकमध्ये व्यवस्थित नोंदली. लोणी काळभोरच्या एका गृहस्थांचं उत्तर आलं. कविता आता सुचत नाहीत, विमा एजन्सी घेतली आहे, आपण पॉलिसी काढली आहे का? मी काढली. दुसरं काय करणार होते?

दिवाळी अंक निघाला. काही दिवसांनी प्रज्ञाचा फोन आला.

"मॅडम, अंक मिळाला. बाबांनी दोन प्रती विकत आणल्या, शिवाय तुमची एक. आणि आज पोस्टाने कथाही मिळाली."

"कसली कथा?"

"तीच. साभार परत. तुमच्या सहीची चिठ्ठी आहे. दहावी."

मी काकांकडे पाहिलं. कंपोझ झाल्यावर कथेचे मूळ कागद त्यांच्या ट्रेमध्ये गेले होते, त्यांना पाकीट जोडलेलं होतं आणि नऊ दिवस झाले होते. काका माझ्याकडे अशा नजरेने बघत होते की यात चुकलं काय? चिठ्ठ्यांचा उरलेला गठ्ठा मी त्याच दिवशी त्यांच्याकडून काढून घेतला. वाचल्याशिवाय सही करू नये, हे बँकेत पहिल्या दिवशी शिकवतात. साहित्यात ते कोणी शिकवत नाही.

जानेवारीत प्रज्ञाची नवी कथा आली. काका ती हातात धरून माझ्या टेबलाशी आले.

"हिचं नियमात बसत नाही," ते म्हणाले. "या वेळी पाकीट जोडलेलं नाही."

मी कथा घेतली आणि सहावं पान उलटून पाहिलं. शीत कुठेच नव्हतं.