साखरशेतचा वारा आणि माझी जळजळ

गेल्या रविवारी साखरशेतला गेलो होतो. फोटो काढायला जातोय असं घरी सांगितलं... खरं म्हणजे वैशालीचा फोटो खोटा पाडायला गेलो होतो.

वैशाली तिथल्या शाळेत शिक्षिका आहे. जव्हारला माझा फोटो स्टुडिओ आहे, तिथे दोन वर्षांपूर्वी ती पासपोर्ट फोटोसाठी आली आणि कॅमेऱ्याबद्दल विचारत बसली. सेकंडहँड कॅमेरा कुठला घ्यायचा इथपासून ट्रायपॉड कसा रोवायचा इथपर्यंत सगळं मीच शिकवलं.

आणि पंधरा दिवसांपूर्वी तिने साखरशेतच्या शेतातला एक फोटो टाकला. पुढे हातभर अंतरावर नागलीची, म्हणजे नाचणीची कणसं, मागे पार डोंगराची कड... आणि सगळं सारखंच स्वच्छ. पाहिला आणि माझ्या पोटात दुखायला लागलं.

हे एका फोटोत होत नाही. जवळचं धरलं की लांबचं पुसट होतं. म्हणून कॅमेरा न हलवता, फोकस थोडा थोडा मागे सरकवत पाच-सहा फोटो घ्यायचे, मग कॉम्प्युटरवर ते एकमेकांवर नीट बसवायचे आणि प्रत्येकातला स्वच्छ भाग तेवढा ठेवायचा. याला फोकस स्टॅकिंग म्हणतात.

मला ते येतं हो! चार वर्षं करतोय. पण शेतात गेलो की हमखास भुतं निघतात... पहिल्या फोटोत कणीस इथे, तिसऱ्यात वाऱ्याने बोटभर तिकडे. एकावर एक बसवले की एका कणसाची दोन होतात, एक खरं आणि एक धुरकट.

तिच्या फोटोत एकही भूत नव्हतं. मी झूम करकरून शोधलं. बायको म्हणाली, “चहा निवला. उवा शोधताय का त्यात?”

लाइक्सचं मी सोडून दिलं असतं. पण आमच्याकडे एक शेठ दरवर्षी दुकानाचं कॅलेंडर काढतात आणि सहा वर्षं त्याच्या पहिल्या पानावर माझाच फोटो आहे. जव्हार-मोखाड्यात कुणाच्याही घरी गेलं की भिंतीवर आपण... त्याची सवय लागते माणसाला. यंदा वैशालीनेही तिचा तो फोटो दिला.

शेठचा फोन आला. “तुम्ही जाणकार. बाईंचा फोटो ओरिजनल आहे ना? कॉम्प्युटरवर बनवलेला नको हां आपल्याला.”

मी म्हणालो, “पाच-सहा फोटो जोडलेत शेठ. आता तुम्हीच काय ते ठरवा.”

शब्दाने खोटं बोललो नाही. फक्त माझा गेल्या वर्षीचा दाभोशाच्या धबधब्याचा फोटोही असाच जोडलेला होता, पुढे दगड होते म्हणून जमला होता, एवढं सांगितलं नाही. शेठ म्हणाले, “मग यंदाही तुमचाच. सोमवारी छापायला देतो.”

जिंकलो होतो. पण जेवण काही गोड लागेना. म्हणून रविवारी दुपारी बाइक काढली. तिथे वारा थांबतच नाही, हे एकदा डोळ्यांनी बघायचं होतं... म्हणजे भुतं तिने कॉम्प्युटरवरच पुसली असणार, मी बोललो ते बरोबरच, असं स्वतःला सांगता आलं असतं.

आणि खरंच थांबेना. तीन तास बसलो, एक कणीस स्थिर राहील तर शपथ. शेजारच्या खळ्यावर सोमीबाई सुपाने वाऱ्यावर भात उफणत होत्या. शेत त्यांचंच.

शेवटी त्यांनीच हाक मारली. “काय रे, कवाचा तठं बसलास?”

म्हटलं, हा वारा थांबत नाही. तशा त्या हसल्याच.

“आता कसा थांबंल? वारा हाये म्हणून तं मी उफणतेय. दिवस डोंगरामागं जाऊ दे, मंग पडतो जरा येळ. तवा आमाला सूप खाली ठेवायला लागतं.” आणि वर म्हणाल्या, “तुला ठावं नाय? ती शाळेतली बाई इचारून गेली. दोन सांजा बसली ना माझ्याजवळ.”

पंधरा वर्षं मी या शेतांतून फिरतोय. सूर्य डोंगराआड गेला की प्रकाश संपला म्हणून सामान आवरतो. आणि या बायकांशी आजवर काय बोललो? “जरा बाजूला व्हा, फ्रेममध्ये येताय.” बस.

त्या दिवशी थांबलो. सूर्य गेला आणि थोड्या वेळाने वारा पडला. सोमीबाईंनी सूप ठेवलं, घाम पुसला आणि मला मान हलवून खूण केली. मी सहा फोटो घेतले.

घरी आल्या आल्या कॉम्प्युटरवर बसवले. एकही भूत नाही! शेतातल्या फोटोत चार वर्षांत पहिल्यांदा... आणि मला आनंद काही होईना. वैशालीचा फोटो खरा होता याचा पुरावाच मी स्वतःच्या हाताने काढून आणला होता.

कॉम्प्युटरसमोरूनच शेठना फोन लावला. सगळं सांगितलं, माझ्या धबधब्याचंही. ते म्हणाले, “अहो, मग तेव्हाच का नाही बोललात?”

“जळलो, शेठ,” म्हटलं.

कॅलेंडर वैशालीच्या फोटोचं छापायला गेलंय. मन मोठं झालं वगैरे काही नाही, अजून जळतंय. पण खोटेपणाचं ओझं गेलं, आणि त्यासाठी सोमीबाईंचे आभार.

वैशाली, तुला यातलं काहीच माहीत नाही. आत्ता वाचूनच कळत असेल. तुझ्या चांगल्या फोटोबद्दल मी मुद्दाम वाईट बोललो, माझा धबधब्याचा फोटोही तसाच जोडलेला आहे हे लपवून. रागावशील, रागवायलाच हवं. फोन कर आणि काय बोलायचं ते बोल... मी उचलणार आहे.